पट्टी सुटल्यानंतर



डोळे तपासायच्या खोलीत भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, तो नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हर्मन स्नेलेन या डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केला. आज ऑप्टोमेट्रीची पदवी घेणाऱ्यांना तो तोंडपाठ आहे; त्यांच्यासमोर त्याची थोरवी गायला नको. सहा मीटरवरून कुठली ओळ वाचता आली, यावर काही नोकऱ्यांचीही दारं उघडतात आणि बंद होतात. पण तक्ता मोजतो ती फक्त नजरेची धार. समोर जे दिसतंय ते काय आहे, हे डोळ्यांमागच्या मेंदूला उमगलं का, हे तो विचारत नाही. दृष्टीच्या विज्ञानातले सगळ्यात अडचणीचे आणि म्हणूनच सगळ्यात रंगतदार प्रश्न नेमके तिथून सुरू होतात.

त्यातला एक प्रश्न 1688 मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्राने कळवला. जन्मापासून अंध असलेला एक माणूस हाताने चाचपून गोळा आणि घन ओळखायला शिकला आहे. मोठेपणी त्याला दृष्टी आली आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, तर हात न लावता, नुसतं बघून त्याला सांगता येईल का, की गोळा कुठला आणि घन कुठला? मॉलिन्यूंच्या पत्नी ल्यूसी यांची दृष्टी लग्नानंतर लवकरच गेली होती. तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता बुद्धीचा खेळ नसावा. लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत तो छापला आणि उत्तर दिलं, नाही सांगता येणार. तत्त्वज्ञ बर्कलेही ‘नाही’ म्हणाले. तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी थोड्या अटी घालून ‘हो’ म्हटलं. वाद रंगला, पण जागेवरून उठून कोणी तपासायला गेलं नाही.

तपासण्याजोगी पहिली गाजलेली केस 1728 ची. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम चेसेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका अंध मुलावर शस्त्रक्रिया केली. मुलाला वाटे, दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटलेली आहे. मांजर कुठलं आणि कुत्रं कुठलं, हे तो सारखं विसरायचा आणि विचारायला लाजायचा. शेवटी त्याने मांजर हातात धरलं, हाताने ओळखलं, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि आता पुढच्या वेळी तुला ओळखीन असं बजावून सोडून दिलं. लॉक यांचा पक्ष जिंकला, असं पुष्कळांना तेव्हा वाटलं.

मग विसाव्या शतकात सिडनी ब्रॅडफर्ड आले आणि पुन्हा गोंधळ झाला. इंग्लंडमधले हे गृहस्थ दहा महिन्यांचे असताना अंध झाले होते. पारपटलाचं रोपण होऊन त्यांना दिसू लागलं ते बावन्नाव्या वर्षी. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी त्यांना भेटले, तेव्हा ब्रॅडफर्ड भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सहज सांगत होते, कारण काच नसलेल्या घड्याळाचे काटे ते वर्षानुवर्षं बोटांनी वाचत आले होते. इंग्रजीतली मोठी अक्षरं त्यांना वाचता येत, छोटी येत नसत. अंधशाळेत त्यांना स्पर्शाने फक्त मोठीच शिकवली होती. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये काचेआडचं लेथ यंत्र त्यांना काही केल्या कळेना. काच उघडून त्यांनी त्यावरून हात फिरवला, आणि मग ते त्यांना दिसलं. म्हणजे हाताचं ज्ञान डोळ्यांना मिळतं तर! पण ग्रेगरी भेटले तोवर शस्त्रक्रियेला काही आठवडे उलटले होते, आणि जन्मानंतरचे दहा महिने ब्रॅडफर्ड यांनी जग पाहिलंही होतं. एका माणसावरून निकाल देणं धोक्याचं. शिवाय दृष्टी येऊन ब्रॅडफर्ड सुखी झाले नाहीत. ते खचत गेले आणि 1960 मध्ये वारले. कुठल्याच केस पेपरवर या गोष्टीसाठी रकाना नसतो.

याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल मांजरांच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा विद्युत संकेत टिपत होते. त्यांनी पेशींना काळे-पांढरे ठिपके दाखवले, पेशी ढिम्म. एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडू लागली. पेशीला ठिपका नको होता, ठरावीक कोनातली रेघ हवी होती. पुढे त्यांनी पिल्लांचा एक डोळा पहिले दोन-तीन महिने शिवून बंद ठेवला. नंतर टाके काढले. डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टिक्षेत्रातल्या बहुतेक पेशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असं काही होत नाही. 1981 चं नोबेल या कामाला मिळालं. आळशी डोळ्याच्या मुलाला लहानपणीच चांगल्या डोळ्यावर पट्टी का लावायची, याचं भक्कम कारणही त्यातून मिळालं.

पण या शोधाची एक काळी सावली होती. संवेदनशील काळ उलटून गेला की शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. आठ-दहा वर्षांच्या जन्मांध मुलाला ‘आता उशीर झाला’ असं सांगणं शास्त्रीय वाटू लागलं.

दिल्ली आयआयटीत शिकून एमआयटीत प्राध्यापक झालेले पवन सिन्हा 2002 मध्ये दिल्लीत आले असताना रस्त्यावर भीक मागणाऱ्या एका बाईजवळची दोन लहान मुलं त्यांनी पाहिली. मुलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. दिल्लीच्या श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये अशा मुलांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि पट्टी सुटल्यावर ती मुलं पाहायला कशी शिकतात याचा अभ्यासही तिथेच सुरू झाला. आजवर शेकडो मुलांना त्यातून दृष्टी मिळाली आहे.

मॉलिन्यूंच्या प्रश्नाचा निकाल 2011 मध्ये आला. रिचर्ड हेल्ड, सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर 48 तासांच्या आत खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. हाताने चाचपलेला ठोकळा दोन ठोकळ्यांमधून पुन्हा हातानेच ओळखायचा, यात मुलं 98 टक्के बरोबर. पाहिलेला ठोकळा पाहूनच ओळखायचा, यात 92 टक्के. आणि हाताने चाचपलेला नुसता पाहून ओळखायचा, यात 58. दोनातला एक निवडायचा असेल तर नाणं उडवूनही 50 टक्के मिळतात. लॉक बरोबर ठरले. गंमत पुढे आहे: कोणी काही शिकवलं नाही, तरी थोड्याच दिवसांत त्यातल्या काही मुलांना हे जमू लागलं. उशीर झाल्याची भाषा करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

तरीही ‘पाहणं म्हणजे सगळं शिकणंच’ असं कोणी लगेच लिहून ठेवू नये. 2015 मध्ये याच गटाने नऊ मुलांना, पुन्हा पट्टी सुटल्यासुटल्याच, पाँझो आणि म्यूलर-लायर यांचे दृष्टिभ्रम दाखवले. पाँझोच्या चित्रात रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेषांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या पट्ट्या असतात, आणि वरची मोठी भासते. दूर जाणारे रस्ते आणि खोल्यांचे कोपरे पाहून मेंदूला ही सवय लागते, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. या मुलांनी ना रूळ पाहिले होते, ना कोपरे. तरी तीही फसली. म्हणजे काही गोष्टी मेंदू आधीच बांधून आणतो. कुठल्या आणि का, यावर अजून एकमत नाही.

आज पदवी घेणाऱ्यांनी नीट वाचावी अशी केस मात्र शस्त्रक्रियेची नाही, चष्म्याची आहे. शोधनिबंधांत एस. के. या आद्याक्षरांनी येणारा बिहारमधला एक तरुण. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंग नव्हतं, म्हणून तो अंध म्हणूनच वाढला. भिंगाची उणीव भरून काढणारा चष्मा त्याला मिळाला तो 29 व्या वर्षी. चष्मा लावल्यावर एकमेकांवर आलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवलं, तर त्याला दोन आकार दिसत नसत; जिथे जिथे रेघा छेदत तिथे तिथे वेगळा तुकडा दिसे. फोटोतला चेंडू एक वस्तू आणि त्याची सावली दुसरी. पण आकार हलू लागले की तो लगेच सांगे, हा चौकोन, हे वर्तुळ. एकत्र हलतं ते एक, हा धागा धरून त्याचा मेंदू वर्ष-दीड वर्षात स्थिर चित्रंही उलगडू लागला. एका चष्म्यासाठी 29 वर्षं!

हे अलीकडचं संशोधन भारतात होऊ शकलं, याचा अभिमान बाळगण्याआधी त्याचं कारण ध्यानात घ्यायला हवं. सधन देशांत जन्मजात मोतीबिंदू तान्हेपणीच निघतो. दहा वर्षांचं असं मूल तिथे सहसा सापडत नाही. इथे सापडतं, कारण दवाखाना लांब आहे आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. जन्मजात मोतीबिंदूचं एक टाळता येण्याजोगं कारण म्हणजे गरोदरपणात झालेला रुबेला. 2017 मध्ये देशात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या राज्यांत गोवाही होता. त्याआधी, फेब्रुवारी 2013 मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात महाराष्ट्रात पालघरला झाली. या कार्यक्रमात मुलांच्या तपासणीतल्या आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. अंगणवाडीत टॉर्च मारून बाळाच्या बाहुलीतला पांढरा डाग हेरणं हे या विषयातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

ताजा धागा 2024 चा आहे. सिन्हांच्या गटाने दाखवलं, की उशिरा दृष्टी आलेली मुलं रंगीत चित्रांतल्या वस्तू चांगल्या ओळखतात, पण तीच चित्रं कृष्णधवल केली की बरीच अडखळतात. नेहमीच्या मुलांना तेवढा फरक पडत नाही. संशोधकांचा तर्क असा: नवजात बाळाच्या दृष्टिपटलातल्या शंकुपेशी कच्च्या असतात, त्याला रंग फिके दिसतात, म्हणून त्याचा मेंदू आधी उजेड-अंधाराच्या भेदावर विसंबायला शिकतो. प्रकाशच्या मुलांना पहिल्याच दिवशी भडक रंग मिळतात आणि ती त्यांवर नको तितकी विसंबतात. संगणकातल्या कृत्रिम चेताजाळ्यांना आधी करडी आणि नंतर रंगीत चित्रं शिकवली, तर तीही जास्त पक्की तयार झाली. मग शस्त्रक्रियेनंतर मुलाला पहिले काही आठवडे मुद्दाम फिके रंग दाखवावेत का? कुठल्या काचांतून, किती दिवस, आणि कुठल्या वयाच्या मुलाला? ही उत्तरं शोधायला नंबर काढून झाल्यावरही मुलाला महिनोन्महिने परत बोलावणारा, दर भेटीला त्याला काय उमगलं ते लिहून ठेवणारा ऑप्टोमेट्रिस्ट लागेल.