गॅरेजातली बैठक

५ मार्च १९७५. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे एका गॅरेजात तीसेक माणसं जमली. निमित्त होतं अल्टेअर ८८०० या घरी जोडायच्या संगणकाचं. त्याला ना कीबोर्ड, ना पडदा. बटणं खालीवर करायची आणि दिव्यांची उघडझाप वाचायची. यातही लोकांना गोडी वाटत होती, हे विशेष!

या मंडळाचं नाव पडलं होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पुढे सभा ली फेल्सेनस्टाइन चालवत. आधी कुणाकडे काय आहे, कुणाला काय हवंय, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग ज्याने त्याने आपला माणूस गर्दीत गाठायचा. सुटे भाग, आराखडे, युक्त्या हातोहात फिरायच्या.

पहिल्याच बैठकीला स्टीव्ह वॉझ्निअॅक हजर होते. त्यांनी कीबोर्ड आणि टीव्हीला जोडता येईल असा संगणक आखला आणि त्याचे आराखडे क्लबात चक्क फुकट वाटले. १९७६ साली तोच ॲपल-वन म्हणून विकायला निघाला. दुकानदार पॉल टेरेल यांनी ५० नग मागितले, पण बजावलं, सुटे भाग नकोत, बोर्ड जोडून द्या. हौशी माणसाला सोल्डरिंग आवडतं, गिऱ्हाइकाला नाही! पेटी मात्र मिळत नसे. काहींनी ती लाकडाची करून घेतली. वीज गेली की बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा पुन्हा हाताने भरायची, म्हणून कॅसेटवर साठवण्याची सोय आली. तिचे ७५ डॉलर वेगळे.