विसरलेल्या गाण्यांचे सांचे

पेणजवळच्या हमरापुरांत गणपतीचे कारखाने आहेत. चतुर्थी जवळ आली कीं तेथें रात्र रात्र दिवे जळतात. इकडे मूर्तींचे डोळे रेखण्याचें काम चालतें आणि शेजारीं कोठें तरी गाणें वाजत असतें. मूर्ति दरसाल पाण्यांत जाते. परंतु सांचा शाबूत असला म्हणजे पुढल्या सालीं तीच मूर्ति पुन्हां घडते. सांचा फुटला तर मात्र ती आकृति गेली ती गेलीच. गाण्याचेंहि असेंच आहे. ध्वनिमुद्रण हा गाण्याचा सांचा होय.

१९६९ सालचें उदाहरण घ्यावें. १५ ऑगस्टला अमेरिकेंत वुडस्टॉकचा संगीतमेळा सुरू झाला. व्हिएतनामचें युद्ध तेव्हां पेटलेलें होतें, आणि त्या युद्धाला नकार देणारीं कांहीं गाणीं तेथें लाखो तरुणांनीं ऐकलीं. त्या मेळ्याचा चित्रपट निघाला, तबकड्या निघाल्या. म्हणून तीं गाणीं अद्यापि जगाच्या कानांत आहेत. त्याच पावसाळ्यांत महाराष्ट्रानें आपले दोन थोर लोकशाहीर गमावले. अण्णा भाऊ साठे १८ जुलैला गेले, अमर शेख २९ ऑगस्टला.

या दोघांनीं शाहीर गव्हाणकरांसह १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभें केलें. त्यांना सरसकट युद्धविरोधी म्हणतां येणार नाहीं. अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा तर नाझी आक्रमणाशीं झुंजणाऱ्यांचा गौरव करतो. परंतु युद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, बंगालमध्यें लाखो माणसें अन्नावांचून मेलीं, तेव्हां तें दुःख पोवाड्यांतून मराठी श्रमिकांपुढें मांडणारेहि अण्णा भाऊच होते. रणांगणापासून दूर असलेला गरीब युद्धाची किंमत कशी भरतो, हें सांगणारें गाणें शांतीचेंच गाणें नव्हे काय?

अशा गाण्यांचें सत्तेला नेहमींच भय वाटत आलें आहे. अमेरिकेंत पीट सीगर यांचें एक युद्धविरोधी गाणें १९६७ सालीं दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांतून कापण्यांत आलें; पुढील वर्षीं तें दाखविणें भाग पडलें. इकडे स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. बंदी केव्हां तरी उठते. विस्मृति तिच्याहून कठोर. ती कोणी घालीत नाहीं, म्हणून कोणी उठवीतहि नाहीं. शाहिरांचे शब्द आज पुस्तकांत आहेत. पण डफाची थाप आणि झीलकऱ्यांची साथ कागदावर उतरत नाहीं.

मुंबईच्या रॉक पथकांची कथा याहून थोडी सुदैवाची आहे. ‘सिमला बीट’ या स्पर्धेंतील तरुण पथकांच्या तबकड्या १९७० व १९७१ सालीं निघाल्या. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या पथकाची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडीहि निघाली. पुढें या मंडळींचीं नांवें त्यांच्या शहरालाहि आठवेनाशीं झालीं. पण तबकडी उरली होती. २०११ सालीं एका अमेरिकन कंपनीनें ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’चें संगीत पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें घरच्या माणसांना घरच्या वस्तूची किंमत कळली.

परक्यांनीं येऊन उचलून देईपर्यंत वाट कां पाहावी? कित्येक घरांच्या माळ्यांवर तबकड्या आणि कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत. एखाद्या वृद्धाच्या तोंडीं गिरणगांवांत ऐकलेल्या पोवाड्याचें कडवें अजून असेल. तें त्याच्याकडून चालीसकट म्हणवून घ्यावें आणि हातांतल्या मोबाइलवर जतन करावें. घराघरांतून होण्यासारखें हें काम आहे. विसर्जन मूर्तीचें करावयाचें असतें, सांच्याचें नव्हे.