मद्यावाचून मुशाफिरी



मद्याचा पेला नसेल तर सहल अळणी होते, असे सुशिक्षित माणसेही आता सहज बोलून जातात. ज्या संघटित सहलीची आज सर्वत्र आवड आहे, तिच्या प्रसाराचा आरंभ मद्यत्यागाच्या चळवळीतूनच झाला, हे त्यांस ठाऊक नसावे.

इंग्लंडात थॉमस कुक नावाचा एक गृहस्थ १८०८ साली जन्मला. धंदा लाकूडकामाचा, वृत्ती धर्मप्रचारकाची. त्या काळी श्रमिकाला कष्टांनंतर विसाव्याची जागा बहुधा एकच, मद्यगृह. ‘पिऊ नका’ असे सांगणारे पुष्कळ होते. ‘मग जावे कोठे?’ याचे उत्तर देणारे थोडे. (आपल्याकडील उपदेशकांचीही पुष्कळदा हीच अडचण होते.) १८४१ च्या जूनमध्ये मद्यनिषेधाच्या सभेसाठी मार्केट हार्बरोहून लेस्टरकडे पायी जात असता कुकच्या मनात आले की, नवी आगगाडी या कार्याला का जुंपू नये? त्याने रेल्वे कंपनीशी बोलणे केले आणि ५ जुलै रोजी सुमारे ५०० माणसे लेस्टरहून लफबरो येथे नेली. अंतर अवघे ११-१२ मैल, जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. उघडे डबे, संगतीला वाद्यवृंद. तेथे चहा, खेळ आणि भाषणे. धूर आणि ठिणग्या अंगावर घेत गेलेली ती मंडळी कंटाळून परतली असती, तर पुढचा व्याप वाढलाच नसता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाला कुकने दीड लाखांहून अधिक लोक नेले. १८७२ मध्ये तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. २२२ दिवसांच्या त्या प्रवासात हिंदुस्थानही होता.

महाराष्ट्राला हे नवल वाटू नये. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरांची वाट माळकरी दरवर्षी चालतात. मद्य त्यांस वर्ज्य, पण फुगडी आणि रिंगण पाहिलेला कोणी त्या वाटेला नीरस म्हणणार नाही.

गिरिभ्रमणात तर हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. हिमालयात थंडीवर उतारा म्हणून घोट घेणारे आढळतात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फुगतात, उष्ण रक्त पृष्ठभागी येते, म्हणून ऊब भासते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. गारठलेला माणूस अशा वेळी आपण सुखरूप आहोत असे समजतो, आणि धोका नेमका तेथेच असतो. उंचीवर प्राणवायू आधीच तोकडा, त्यात मद्याने निद्रेतील श्वास मंदावतो. पाऊल कोठे टाकावे हा विवेक सुटतो तो निराळाच. रात्रीच्या तळावर त्यापेक्षा कढत चहा, कोरडे मोजे आणि पोटभर खिचडी यांचा उपयोग अधिक. शिखराकडे निघावयाचे ते पहाटेच्या अंधारात; रात्री पेला रिकामा करणाऱ्यास सूर्योदय बहुधा तंबूच्या कापडातूनच पाहावा लागतो.