उकिरडा आणि कचरा



नागपूर शहराच्या दक्षिणेस हुडकेश्वर नावाचे गाव आहे. शहर वाढत वाढत त्याच्या शिवेपर्यंत आले, शेतांचे ले-आउट झाले आणि २०१३ साली शेजारच्या नरसाळ्यासह हे गाव नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. शहराभोवतीची आणखीही गावे आज त्याच वाटेवर आहेत. अशा वेळी गावात काय काय बदलते याचा विचार करताना रस्ते, नळ आणि दिवे यांची आठवण सर्वांना होते. उकिरड्याची कोणालाच होत नाही. वस्तुतः ज्या दिवशी गावातील उकिरडा मोडतो, त्याच दिवसापासून गावात कचरा साठू लागतो.

उकिरडा हा शब्द आज तुच्छतेने उच्चारला जातो. परंतु शेतकऱ्याच्या घरी तो एक ठेवाच होता. शेण, गोठ्यातील झाडण, चुलीतील राख, भाजीचे देठ, गुरांनी टाकलेला कडबा हे सारे त्यात पडे आणि मृगापूर्वी गाडीने शेतात जाई. जे उकिरड्यात जात नसे त्याचीही वाट ठरलेली असे. फाटक्या लुगड्याची गोधडी होई, मोडक्या विळ्याचे लोखंड लोहाराकडे परत जाई. हे ऐकून जुने गाव फार स्वच्छ होते असे मात्र कोणी समजू नये. माश्या होत्या, पटकी होती, आणि घराला खेटून असलेल्या उकिरड्याचे पाणी कित्येकदा विहिरीत झिरपत असे. जुनी घाण घाण होतीच. पण ती निरुपयोगी नव्हती. हा भेद शिक्षकाने प्रथम स्वतः ध्यानी घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

या उकिरड्याचे शास्त्रही पाश्चात्त्य देशांतून आयते आलेले नाही. इंदूर येथील कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ साली तिच्यावर जे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे विदर्भातच पुसद येथील पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची रीत प्रचारात आणली. तीच त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा टाक्यात साधारण १४०० ते १५०० किलो पालापाचोळा बसतो, आणि त्यास शेण लागते ते केवळ शंभर किलोंच्या आसपास. बाकी चाळलेली माती व पाणी. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ज्या घरी आता एकच गाय उरली आहे, त्या घरालाही हे साधण्याजोगे आहे.

मग अडले कोठे? अडले ते मिसळण्यात. केळीची साल मातीत गेली तर तिचे खत होते. तीच साल पन्नीत बांधून फेकली तर ती हवेवाचून आत कुजते, दुर्गंधी सोडते, आणि तिच्या वासाने आलेली गाय पन्नीसकट ती गिळते. पन्नी गाईच्या पोटात पचत नाही. ती साचत राहते. खरी हानी अशी की, साल आणि पन्नी दोन्ही एकमेकींमुळे फुकट जातात. स्वच्छ पन्नी भंगारवाला नेईल, खरकट्याने माखलेली नेणार नाही. काचेचे तुकडे आणि औषधाच्या रिकाम्या पट्ट्या ज्या उकिरड्यात पडल्या, त्याचे खत कोणता शेतकरी आपल्या वावरात टाकील?

या मिसळीचे मोठे रूप पाहावयाचे असल्यास नागपूरच्या पूर्वेस भांडेवाडी येथे पाहता येते. शहराचा कचरा दररोज हजार टनांच्या घरात असतो, आणि अनेक दशके तो तेथे टाकला गेला. खालच्या थरातील ओल्या कचऱ्यास हवा मिळत नाही, त्यापासून मिथेन वायू निघतो आणि उन्हाळ्यात ढीग पेटतात. तो धूर सभोवतीच्या वस्तीतील लोकांनी वर्षानुवर्षे सोसला आहे. त्यांनी कोणता अपराध केला होता? अलीकडील वर्षांत हा जुना ढीग यंत्रांनी चाळून माती, दगड आणि प्लॅस्टिक निरनिराळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. जे काम घरोघरी दोन टोपल्यांनी, पैशाचाही खर्च न होता झाले असते, तेच अशा रीतीने यंत्रे लावून करावे लागते. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली, ती याच कारणाने.

येथे शाळांच्या एका रूढीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. स्वच्छतादिनी मुले अंगण झाडतात, ढीग करतात, आणि तो ढीग शाळेमागे नेऊन पेटविला जातो. त्यात प्लॅस्टिक असते, आणि त्याचा विषारी धूर ज्यांनी झाडले त्यांच्याच छातीत जातो. अंगण स्वच्छ दिसते. कचरा मात्र नाहीसा झालेला नसतो, त्याने केवळ जागा बदललेली असते. ‘झाडलेले कोठे गेले?’ हा प्रश्न मुलांनी विचारण्यापूर्वी गुरुजींनी विचारावा.

त्याकरिता एक प्रयोग सुचविता येईल. पाच मडक्यांत ओलसर माती घालून केळीची साल, निंबाचा पाला, वहीचे पान, सुती चिंधी आणि बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन अशा वस्तू निरनिराळ्या पुराव्यात. वर तारीख लिहावी. दोन महिन्यांनी मुलांच्या हातूनच मडकी उपडी करावीत. साल ओळखू येणार नाही, पाला बव्हंशी मोडलेला असेल, चिंधी विरलेली असेल; वेष्टनावरील अक्षरे मात्र वाचता येतील. चकचकीत वेष्टन हे पुष्कळदा प्लॅस्टिक व धातूचा मुलामा यांचे एकजीव थर असते. ते थर सहज वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. ही वेष्टने तिच्या बाहेर राहिली.

दुसरे काम मोजणीचे. एक आठवडाभर वर्गातील टोपलीतील वस्तू मोजून फळ्यावर मांडाव्यात: वेष्टने किती, संपलेली पेने किती, कोरी बाजू असलेले कागद किती. गणिताचा तास याहून चांगला कोणता? पेनात नवी कांडी घालण्याऐवजी नवे पेनच घेण्याची सवय किती नवी आहे, हे मुलांस आजोबांकडून कळेल. शालेय पोषण आहाराच्या वेळी ताटात उरलेला भातही मोजावा. पुष्कळ ठिकाणी तो मुलांच्या हट्टाने नव्हे, तर पहिल्याच वाढपात भरलेल्या डावाने उरतो. अर्धा डाव वाढून पुन्हा विचारण्याची पद्धत घातल्यास फरक त्याच आठवड्यात दिसेल. मात्र जे मूल घरी उपाशी असते, त्याला या मोजणीची भीती वाटता कामा नये. मोजावयाचे ते एकंदर ताटांचे, कोणा एकाचे नव्हे.

हे आकडे वहीतच ठेवू नयेत. ग्रामसभेपुढे ते एखाद्या मुलाने किंवा मुलीने वाचून दाखवावेत. ज्या दुकानातून वेष्टने येतात तो दुकानदार त्या सभेस असतो, लग्नात प्लॅस्टिकची ताटे मांडणारे यजमान असतात, आणि नाडेप टाक्यासाठी शाळेच्या कुंपणालगतची जागा देण्याचा ठराव करू शकणारे सरपंचही तेथेच असतात.