किल्ली मुलांच्या हाती द्या

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात, टेबलावर पुस्तके मांडली जातात. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागते. मग मुले वाचत नाहीत, अशी तक्रार आपण वर्षभर करतो.

कलामसाहेबांचेच बालपण पाहा. रामेश्वरममध्ये एस. टी. आर. माणिक्कम नावाचे जुने क्रांतिकारक राहत. त्यांच्या घरच्या संग्रहातून पुस्तके नेऊन वाचल्याचे कलामांनी 'अग्निपंख'मध्ये नमूद केले आहे. माणिक्कम यांनी वाच म्हटले आणि पुस्तकही हातात दिले.

हेच पाचगणीजवळच्या भिलारने करून दाखवले. स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झाले. सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तके ठेवली गेली, त्यांत लोकांची राहती घरेही होती. कुठे कविता, कुठे चरित्रे. यावे, बसावे, वाचावे.

आपल्या गल्लीला मोठ्या योजनेची वाट पाहायला नको. एक पत्र्याची पेटी आणि चाळीस पुस्तके पुरेत. आमच्या मोहल्ल्यात वयात आलेल्या मुलीला संध्याकाळी वाचनालयात धाडायला घरचे कचरतात. वाड्यावस्त्यांवरही हीच अडचण असते. मुलगी पुस्तकापर्यंत जाऊ शकत नसेल, तर पुस्तकाने तिच्याकडे जावे. पेटी दर रविवारी एका घरून दुसऱ्या घरी न्यावी. नोंदवही मुलामुलींनीच ठेवावी. पान फाटले तर चिकटवावे, रागावू नये.

दुसरी गोष्ट, मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या घरांत दखनी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. अशा मुलाला छापील वाक्य परके वाटते, पण कानावर पडत राहिले की ते ओळखीचे होते. गोष्ट ऐन रंगात आली की थांबा आणि पुस्तक तिथेच ठेवून उठा. पुढचे पान मुले आपणहून उलटतात. हातात मोबाइल असेल तर त्यावर आवडती कविता स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून मैत्रिणीला पाठवू द्या.

मात्र वाचून झाले की लगेच 'सारांश लिही, तात्पर्य सांग' असे म्हणू नका. वाचनाचा गृहपाठ झाला की त्याची गोडी जाते. पुस्तक आवडले नाही, तर अर्धे सोडून देण्याचीही मोकळीक असू द्या.

येत्या १५ ऑक्टोबरला भाषण आटोपते घ्या आणि कपाटाची किल्ली आठवीतल्या एखाद्या मुलीकडे सोपवा. चार-दोन पुस्तके हरवतील. पण कपाटात वाळवीने खाण्यापेक्षा ती वाचणाऱ्याच्या घरी राहिली, तर फारसे बिघडत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)