वाळवंटातले बांध कोणी घातले?



कामगार संघटनेच्या माणसाने पुराणवस्तुशास्त्रावर बोलायला उभे राहावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. आमचा जन्म हजेरीपट, बोनस आणि वाटाघाटी यांत गेला. जुन्या अवशेषांशी आमचा संबंध काय? संबंध इतकाच, की एखादा तलाव किंवा रस्ता पाहिला म्हणजे तो बांधला कोणी, हा प्रश्न आमच्या मनात आपोआप उभा राहतो. कोनशिलेवर ज्याचे नाव असते त्याची आम्हाला चिंता नसते. घमेले ज्याच्या डोक्यावर होते त्याची चौकशी करण्याची आम्हाला खोड आहे. हाच प्रश्न उत्तर आफ्रिकेतल्या एका उजाड मुलखाविषयी विद्वानांनी विचारला, आणि उत्तरासाठी त्यांना सुमारे दहा वर्षे पायपीट करावी लागली. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

हा मुलूख लिबियातला. भूमध्य समुद्राच्या काठावर त्रिपोली शहर आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले की डोंगराळ पट्टा लागतो आणि तो ओलांडला की सहारा वाळवंटाचा उंबरठा येतो. या उंबरठ्यावर सोफेजिन आणि झेमझेम या दोन मोठ्या वाद्यांचे जाळे पसरले आहे. वादी म्हटले की आम्हाला कोर्टातला फिर्यादी आठवतो. पण अरबीत वादी म्हणजे वर्षभर कोरडे पडलेले आणि पाऊस आला तरच वाहणारे नदीचे पात्र. तेथे पाऊस पडतो तो वर्षाकाठी साधारण २५ ते ७५ मिलिमीटर. आपले माण-खटाव आणि आटपाडी दुष्काळी म्हणून आपण हळहळतो. त्या गावांना जेवढा पाऊस मिळतो त्याचा सातवा-आठवा हिस्सासुद्धा तिकडे धड मिळत नाही.

आणि अशा जागी दगडी शेतघरे उभी आहेत! तेलाचे घाणे आहेत, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि वाद्यांच्या पात्रांत मैलोगणती दगडी बांध आहेत. १८१७ साली स्मिथ नावाचा एक इंग्रज आरमारी अधिकारी घिर्झा या ठिकाणी गेला. तेथे माणसे आणि जनावरे दगड होऊन बसलेले शहर आहे, अशी अफवा त्याच्या कानी आली होती. प्रत्यक्षात त्याला दिसल्या त्या जुन्या कबरी आणि त्यांवरची कोरीव चित्रे. त्यांत नांगरणी होती, कापणी होती, उंट होते. बिचाऱ्याची निराशा झाली! पण आम्हाला विचाराल तर अफवेपेक्षा ते सत्यच मोठे होते. जेथे गवत उगवायची मारामार, तेथे कोणीतरी एके काळी पीक कापीत होते.

मग हे शेतकरी कोण? १९११ नंतर इटलीने हा देश बळकावला. १९३८ साली तर वीस हजार इटालियन वसाहतकऱ्यांना एकाच मोहिमेत जहाजांनी आणून लिबियात उतरविण्यात आले. रोमनांनी हे वाळवंट फुलविले, आम्ही रोमनांचे वारस, सबब ही जमीन आमची, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पुढे १९४९ साली गुडचाइल्ड आणि वॉर्ड-पर्किन्स या दोन इंग्रज अभ्यासकांनी या तटबंदीच्या वास्तूंचा विचार केला. त्यांचा हेतू तसला नव्हता. तरी त्यांचेही अनुमान असे, की तिसऱ्या शतकात रोमन सरकारने सरहद्दीवर शेतकरी-शिपाई बसविले आणि ही शेतघरे त्यांची. म्हणजे दोन्हीकडे कर्ता बाहेरचा, हुकूम वरचा; आणि तेथला मूळ माणूस नुसता प्रेक्षक.

१९७९ साली लिबियाच्या सरकारनेच हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. पूर्वी येथे शेती झाली असेल तर ती आज का होऊ नये, असे त्याचे म्हणणे. युनेस्कोच्या छत्राखाली सर्वेक्षण सुरू झाले. त्यातल्या ब्रिटिश आणि लिबियन तुकडीचे नेतृत्व ग्रेम बार्कर आणि बॅरी जोन्स यांच्याकडे होते. या मंडळींनी एखादे भव्य देऊळ खणायला घेतले नाही. विमानातून घेतलेली छायाचित्रे समोर ठेवून एकेक वादी पायांखाली घातली, बांध मोजले, खापरे वेचली, उकिरडे उकरले. उकिरड्याला हसू नका! राजाचा शिलालेख खोटे बोलू शकतो, उकिरडा बोलत नाही. त्यांतून सातूचे आणि गव्हाचे दाणे, ऑलिव्हच्या आठळ्या, द्राक्षाच्या बिया, अंजीर, खजूर, कडधान्ये आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे निघाली. हा सगळा वृत्तांत १९९६ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

त्यातले पहिले निष्कर्ष हवामानाबद्दलचे आहेत. त्या काळी पाऊस भरपूर असेल, असे आपण सहज म्हणून जातो. पुरावा तसे सांगत नाही. हवा तेव्हाही जवळजवळ आजच्याइतकीच कोरडी होती. मग पीक आले कोठून? हिशेब करून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. पन्नास मिलिमीटर पडला की पाच लाख लिटर. एवढ्याने सातू पिकत नाही. पण समजा, शेजारच्या वीस हेक्टर खडकाळ उताराचे पाणी आपण या एका हेक्टरात वळविले, आणि त्यातला पाचवा हिस्साच हाती लागला. तरी वीस लाख लिटर पाणी मिळाले. म्हणजे या एका शेतापुरता पाऊस पन्नासचा अडीचशे झाला. आकाशाने दिले नाही ते माणसाने जमिनीकडून वसूल केले.

हे वसूल करण्याची रीत अगदी साधी होती. उतारावर तिरप्या लांब भिंती घालून वाहणारे पाणी गोळा करायचे. पात्रात आडवे बांध घालून त्याचा वेग मोडायचा, म्हणजे पाणी मुरते आणि गाळ बसतो. जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा, म्हणजे ते खालच्या शेतात उतरते. उताराच्या पायथ्याशी टाके कोरून आतून चुन्याचा गिलावा द्यायचा, म्हणजे माणसाला आणि जनावराला प्यायला पाणी राहते. यात कोणतीही अद्भुत विद्या नाही. दगड उचलणे आहे, रचणे आहे, आणि पूर येऊन गेला की पुन्हा रचणे आहे.

दुसरा निष्कर्ष आमच्या प्रश्नाचा. खापरांवरून असे ठरले, की ही शेती तिसऱ्या शतकात शिपायांनी सुरू केली नव्हती. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती, आणि तेव्हाची घरे बिनतटबंदीची, उघडी होती. गढ्यांसारखी बळकट शेतघरे, ज्यांना तिकडे 'गसर' म्हणतात, ती मागून आली. कबरींवरची नावे तपासली तर तीही स्थानिक. घिर्झाच्या एका लेखात नासिफ, माथलिख, निम्मिरे, फिदेल अशी नावे आहेत. लिपी रोमन, माणसे लिबियन. किनाऱ्यावर लेप्टिस मॅग्नासारखी श्रीमंत शहरे होती, तेलाला बाजार होता. सीझरने लेप्टिसवर दर साल तीस लाख पौंड तेलाचा दंड बसविला होता, यावरून त्या प्रदेशाच्या तेलाची कल्पना यावी. रोमन बाजाराने मागणी केली हे खरे. पण वाळवंट फुलविले ते वाळवंटातल्याच माणसांनी. वारसा सांगणाऱ्यांच्या दाव्याचा पाया असा खापरांनी ढासळला.

आता आपण म्हणाल, झाले तुमच्या मनासारखे! पण थांबा. स्थानिक म्हटले म्हणजे सगळे सारखे झाले, असे नव्हे. घिर्झाच्या त्याच लेखात मुलांनी आईबापांच्या कबरीचा खर्च कोरून ठेवला आहे. मजुरीपोटी ४५,६०० नाणी, आणि शिवाय काम करणाऱ्यांचे अन्न. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मजुरीचा आकडा आहे, जेवणाची नोंद आहे, मालकाचे नाव आहे. मजुराचे नाव नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमची आई बांधाच्या कामावर होती. आम्ही तेव्हा बाभळीला बांधलेल्या झोळीतले मूल. मजुरी मिळे, आणि वर सुकडी मिळे. मजुरी आणि शिवाय काम करणाऱ्यांचे अन्न! तो बांध अजून पाणी धरतो. त्यावर पाटी आहे, पाटीवर नाव आहे, पण ते आईचे नाही. ते हजेरीपट पाहायला आम्ही कचेरीत गेलो, तेव्हा ते केव्हाच रद्दीत गेल्याचे कळले. पुढे १९७९ सालच्या २६ जानेवारीला महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा अमलात आला. म्हणजे ज्या वर्षी लिबियात जुने बांध मोजायला सुरुवात झाली, त्याच वर्षी आपल्याकडे नवे बांध घालणे हा मजुराचा हक्क ठरला.

लिबियातल्या एका ठिकाणी मात्र साध्या माणसांची नावे उरली. बू न्जेम येथे रोमन सैन्याचे ठाणे होते. तेथे तिसऱ्या शतकाच्या मध्यावरच्या, खापरावर शाईने लिहिलेल्या नोंदी सापडल्या: अमक्या उंटवाल्याने इतके धान्य आणले, इतके तेल आणले. नावे लिबियन आहेत. कबरीने जे केले नाही ते पावतीने केले. म्हणून आम्ही आमच्या कामगारांना नेहमी सांगतो, की कागद टाकू नका!

आता एक प्रश्न उरतो. एवढे सगळे होते, तर मोडले कशाने? याला एकच कारण कोणी दाखवू शकलेले नाही. बाजार घटला असेल, असुरक्षितता वाढली असेल, जमीन झिजली असेल. काही गसर तर पुढे कित्येक शतके वापरात होते. पण बांधाची एक गोष्ट निश्चित आहे: वरच्या शेताचा बांध फुटला की खालच्याचे नुकसान होते. तेव्हा दुरुस्ती हे सामाईक काम ठरते. रोमन काळातच अल्जीरियातल्या लमास्बा गावी, कोणाला किती वेळ पाणी मिळावे याचा तक्ता दगडावर कोरला होता. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फडांत पाटकरी नेमून तेच साधले. पुरंदरच्या पाणी पंचायतीने तर भूमिहीनालाही पाण्याचा वाटा दिला. ती पायरी लमास्बाच्या दगडावर नाही.

आधुनिक लिबियाने वेगळा मार्ग धरला. १९८४ साली काम सुरू करून, पुढे वाळवंटाच्या पोटातले हजारो वर्षांपूर्वीचे पाणी उपसून प्रचंड नळांनी किनाऱ्याला नेले. त्याने शहरांची तहान भागली. परंतु ते पाणी पुन्हा भरून निघणारे नाही. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्वेकडच्या देर्ना शहरावरची दोन धरणे एका रात्रीत फुटली, हजारो माणसे वाहून गेली. पाऊस अफाट होता, हे खरे. पण त्या धरणांची दुरुस्ती वर्षानुवर्षे रेंगाळली होती, हेही खरे. बांधणाऱ्याची पाटी लागते. दुरुस्ती करणाऱ्याची लागत नाही, म्हणून दुरुस्ती करायला कोणी पुढे येत नाही.

आमची आपणांस एकच विनंती आहे. ७२ साली ज्यांनी खडी फोडली आणि बांध घातले, ती माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या गावी जाल तेव्हा जवळच्या पाझर तलावावर जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि कोण कोण कामावर होते त्यांची नावे एका वहीत लिहून काढा. याला विमान लागत नाही, युनेस्को लागत नाही. आमच्या गावची वही आम्ही सुरू केली आहे. आजवर ६३ नावे झाली. पहिले नाव कोणाचे, हे सांगायला नकोच.