वेदना, सुई आणि वीज



सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातील जखमींच्या सेवेसाठी चीनला गेले. पाच डॉक्टरांच्या त्या भारतीय पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १९४२ मध्ये कोटणीस तिथेच निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचवली. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी त्याचे उपचार सुरू केले. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी कायदा केला तो २०१५ मध्ये.

शस्त्रक्रियेनंतरची वेदना ही केवळ सोसण्याची बाब नव्हे. पोटावर टाके असलेला रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसात कफ साचतो आणि बरे होणे लांबते. मॉर्फिनसारखी औषधे वेदना शमवतात खरी, पण मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठता सोबत आणतात. त्यांची मात्रा कमी करता आली तर हवीच आहे.

इथे विद्युत्-ॲक्युपंक्चरचा विचार होतो. शरीरातील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचतात, त्यांना तारा जोडतात आणि छोट्या यंत्रातून सौम्य विद्युत्स्पंद सोडतात. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांनी दाखवले की सेकंदाला २ स्पंदांनी एन्केफॅलिन, तर १०० स्पंदांनी डायनॉर्फिन ही शरीराचीच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. अफूवर्गीय औषधांचा प्रभाव रोखणारे नॅलोक्सोन दिले, तर काही प्रयोगांत सुईचा गुणही ओसरला. म्हणजे सुईच्या परिणामात शरीराच्या या द्रव्यांचा वाटा असावा.

तरीही उतावीळ होऊ नये. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचे अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढले गेले. ते सुयांच्या बळावर, अशी दंतकथा पसरली. वास्तविक भुलीची नेहमीचीच औषधे वापरली होती. सुया आल्या त्या नंतर, पोटाची अस्वस्थता शमवायला. चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. काहींत औषधांची मात्रा घटली, काहींत खऱ्या आणि लटक्या सुईत फारसा फरक पडला नाही. मळमळीसाठी मनगटाच्या आतील बाजूच्या बिंदूचा पुरावा त्या मानाने भक्कम आहे.

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी विजेच्या या उपचाराच्या वाटेला परस्पर जाऊ नये. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर ते आधी सांगावे. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना अंधारात ठेवू नये. घरातल्या आजींना परिचारिकेने 'किती दुखतंय?' असे विचारले, की त्या हमखास 'काही नाही गं' म्हणतात. त्या वेळी उशाशी बसलेल्या मुलाने किंवा सुनेने खरा आकडा सांगावा.